पडद्यांमधला स्वर



छत्रपति संभाजीनगरचा क्रांती चौक आणि अमेरिकेंतील मिसिसिपी नदीचें खोरें यांच्यामध्यें हजारों मैलांचें अंतर आहे. त्या खोऱ्यांतील कापसाच्या शेतांवर राबणाऱ्या कृष्णवर्णीय मजुरांनीं सुमारें सव्वाशें वर्षांपूर्वीं जें गाणें घडविलें, त्याला 'ब्लूज' असें नांव आहे. तें गाणें गिटारीवर वाजविण्याची हौस आपल्या घरांतील एखाद्या मुलाला किंवा मुलीला लागली, म्हणजे वडील मंडळी विचारतात, "हें खूळ कशाला? आपल्याकडे संगीताचा दुष्काळ पडला आहे काय?" प्रश्न रास्त आहे. 'आवड' एवढें एका शब्दाचें उत्तर देऊन मोकळें होतां येईल. पण त्यानें विचारणाऱ्याचें समाधान होणार नाहीं, आणि शिकणाऱ्याचेंहि होऊं नये. म्हणून आजच्या भाषणांत मी दोन गोष्टी सांगणार आहें. ही विद्या शिकावी कशी, ही पहिली. आणि ती शिकतांना मराठी कानाला आपल्या घरचें काय सांपडतें, ही दुसरी. पहिली गोष्ट हाताची आहे, दुसरी मनाची. माझें म्हणणें असें कीं, दुसरीवांचून पहिली नीट साधत नाहीं.

प्रथम हें गाणें आहे तरी काय, तें पाहूं. 'ब्लू' म्हणजे निळा, हें शाळेंतील मूलहि सांगेल. पण इंग्रजींत त्या शब्दाला खिन्नतेचीहि छटा आहे. अमेरिकेंत १८६५ सालीं गुलामगिरी कायद्यानें नष्ट झाली. बेड्या तुटल्या, पण जमीन मिळाली नाहीं. मालकाचें शेत अर्धेलीनें कसावें, बीं-बियाणें व दाणागोटा त्याच्याच दुकानांतून उधार आणावा, आणि हंगामाच्या अखेरीस हिशेब मांडला म्हणजे पुन्हा कर्जच अंगावर निघावें, असा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालला. सावकाराची वही ज्यांच्या आजोबांनीं पाहिली आहे, त्या आपल्या लोकांना हें विस्तारानें सांगावयास नको. शेतांत एकमेकांना घातलेल्या लांबलचक हाळ्या, घाव घालतांना म्हटलेलीं कामाचीं गाणीं आणि प्रार्थनामंदिरांतील भजनें या साऱ्यांच्या मिश्रणांतून एक नवें एकट्याचें गाणें जन्मास आलें. डब्ल्यू. सी. हँडी नांवाच्या संगीतकारानें आपल्या आठवणींत लिहिलें आहे कीं, १९०३ च्या सुमारास मिसिसिपींतील टटवायलर या लहानशा स्टेशनांत तो गाडीची वाट पाहात असतां, फाटक्या कपड्यांतील एक मनुष्य गिटारीच्या तारांवर सुरी दाबून वाजवीत होता आणि एकच ओळ पुनःपुन्हा गात होता. हँडीला तें संगीत चमत्कारिक वाटलें, पण तें त्याच्या मनांतून गेलें नाहीं. १९१२ सालीं त्यानें 'मेम्फिस ब्लूज' छापून प्रसिद्ध केलें. आणि १९२० सालीं मॅमी स्मिथ या गायिकेची 'क्रेझी ब्लूज' ही ध्वनिमुद्रिका निघून ती घरोघर पोंचली.

या कापसाचा आणि आपला संबंध अगदींच दूरचा नाहीं. १८६१ मध्यें अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांनीं मुंबईच्या बाजाराकडे तोंड वळविलें. वऱ्हाड-खानदेशांतील कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईंत पैशाचा पूर लोटला. १८६५ मध्यें युद्ध संपलें. तिकडे गुलाम मुक्त झाला. इकडे भाव कोसळले, आणि तेजींत काढलेलें कर्ज शेतकऱ्याच्या मानेवर राहिलें. पुढें दहा वर्षांनीं पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं सावकारांचे दस्तऐवज जाळले, त्यामागें जीं अनेक कारणें होतीं त्यांत ही मंदीहि होती. एकाच पिकाच्या दोन टोकांना दोन देशांतले कष्टकरी बांधलेले होते, आणि दोघांनाहि एकमेकांचें नांव ठाऊक नव्हतें. मराठवाड्यांतील कापसाच्या प्रदेशांत राहणाऱ्या मनुष्यानें ब्लूज ऐकतांना एवढें स्मरण ठेवावें.

आतां शिकण्याकडे वळूं. गिटारीला सहा तारा असतात. सर्वांत जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत त्या ई, ए, डी, जी, बी आणि पुन्हा ई या स्वरांत मिळविलेल्या असतात. दांडीवर धातूचे पडदे घट्ट बसविलेले असतात; एका पडद्यावरून पुढच्या पडद्यावर गेलें कीं आवाज अर्ध्या स्वरानें चढतो, आणि बाराव्या पडद्यावर तार बरोबर निम्मी होऊन वरचा स्वर मिळतो. बाजारांत नायलॉनच्या तारांची गिटार मिळते. ती बोटांना मऊ लागते, पण ब्लूजच्या कामाची नाहीं. पोलादी तारांचीच घ्यावी. साध्या गिटारीची पहिली तार बहुधा इंचाच्या बारा हजारांश जाडीची असते. विजेच्या गिटारीवर नऊ किंवा दहा हजारांशाची चालते, आणि ती ओढावयास पुष्कळ सोपी जाते. पहिले कांहीं आठवडे बोटांचीं टोकें दुखतात, मग घट्टे पडतात, मग दुखणें थांबतें. सतार शिकणाऱ्याला हें नवें नाहीं. महागाचें वाद्य घेण्याची घाई करूं नये. मात्र तारा पडद्यांपासून फार उंच असलेली गिटार स्वस्त मिळाली तरी घेऊं नये; कारण तिच्यावर शिकणारा आपल्या हातालाच दोष देत बसतो आणि शेवटीं वाद्य माळ्यावर जातें.

ब्लूजचें बांधकाम अत्यंत साधें आहे. चार-चार मात्रांचे बारा विभाग मिळून त्याचें एक आवर्तन होतें. हे बारा विभाग म्हणजे आपल्या एकतालाच्या बारा मात्रा नव्हेत. येथें एकूण मात्रा अठ्ठेचाळीस भरतात. या आवर्तनांत स्वरांचीं तीनच घरें आहेत. पहिले चार विभाग षड्जाच्या घरीं, पुढचे दोन मध्यमाच्या घरीं, मग दोन परत षड्जाच्या घरीं. त्यानंतर एक पंचमाचा, एक मध्यमाचा, आणि शेवटचे दोन पुन्हा षड्जाचे. घर म्हणजे त्या त्या स्वरावर उभारलेला स्वरांचा समूह. पाश्चात्त्य त्याला 'कॉर्ड' म्हणतात. प्रत्येक मात्रेचे तीन भाग मनांत कल्पून त्यांतील पहिले दोन जोडावयाचे व तिसरा सुटा म्हणावयाचा. त्यामुळें चालीला एक प्रकारचा लंगडा झोका येतो. दादऱ्याचा झोका ज्याच्या अंगांत मुरला आहे, त्याला हा झोका लवकर साधतो. शिकणाऱ्यानें पहिला महिनाभर एवढेंच करावें. ठाय लयींत बारा विभाग न चुकतां फिरावें, पायानें मात्रा धराव्या, आणि तेराव्या विभागाला पुन्हा समेवर यावें. पुष्कळांना हा भाग नीरस वाटतो व ते थेट झगमगीत तुकडे बसवूं लागतात. ठेका कच्चा असतां तानांच्या मागें लागणाऱ्या गवयाची जी गत होते, तीच त्यांची होते.

गीताची रचनाहि या बारा विभागांतच बसविलेली असते. एक ओळ म्हणावयाची. तीच पुन्हा म्हणावयाची. आणि तिसरी ओळ तिला उत्तर म्हणून यावयाची. प्रत्येक ओळीला चार विभाग मिळतात. पण शब्द साधारण दोनांत संपतात आणि उरलेली जागा रिकामी राहते. त्या रिकाम्या जागेंत गिटार बोलते. गाणारा विचारतो, वाद्य उत्तर देतें. आपल्या मैफलींत गवयानें जागा घेतल्यावर सारंगिया तिचा पडसाद देतो, तसाच हा प्रकार. फरक इतकाच कीं येथें गवई आणि सारंगिया बहुधा एकच असतो. म्हणून ब्लूज शिकणाऱ्यास गातां येत नसलें तरी त्यानें ओळ गुणगुणावी. मनुष्य जेथें श्वास घेईल, तेथें वाद्यानेंहि थांबावें. बोटें चालतात म्हणून चालवीत राहणें हा या शैलींतील सर्वांत मोठा दोष समजला जातो.

आतां स्वरांकडे येऊं. कारण या विषयाचें मर्म येथें आहे. ब्लूजमध्यें मुख्यतः पांच स्वर वापरतात : षड्ज, कोमल गंधार, शुद्ध मध्यम, पंचम आणि कोमल निषाद. संगीताची थोडी ओळख असलेल्या श्रोत्यांनीं हे स्वर ऐकतांच ओळखले असतील. हा आपला धानी! भीमपलासीचा आरोहहि याच स्वरांचा. त्यांत मध्यम आणि पंचम यांच्यामध्यें तीव्र मध्यमाचा निसटता स्पर्श मिळविला, कीं ब्लूजची स्वरपंक्ति पुरी झाली. पण येथें एक मौज आहे. खालीं साथीच्या स्वरसमूहांत शुद्ध गंधार वाजत असतो, आणि वर गाणारा कोमल गंधार लावतो. आपल्याकडे जोगासारख्या रागांत दोन्ही गंधार येतात, पण ते एकामागून एक, आपापली वाट धरून येतात. ब्लूजमध्यें ते एकाच वेळीं एकमेकांवर घासतात. त्या घर्षणांतून निघणारी कळ हाच त्या संगीताचा रस आहे.

त्यापुढची गोष्ट तर अधिक महत्त्वाची. गाणारा जो गंधार लावतो तो खरोखर कोमलहि नसतो आणि शुद्धहि नसतो. सप्तकाचे बाराशें सूक्ष्म भाग कल्पिले, तर गिटारीच्या पडद्यावर कोमल गंधार तीनशेंवर बसतो आणि शुद्ध गंधार चारशेंवर. ब्लूजचा गंधार या दोहोंच्या मध्यें कोठें तरी हिंडतो. त्याला ठरलेली जागा नाहीं. इंग्रजींत त्याला निळा स्वरच म्हणतात. कारागिरानें दांडीवर तो कोठेंहि ठोकलेला नाहीं. मग तो काढावयाचा कसा? तार पडद्यावर दाबून बोटानें आडवी ओढावयाची. तार ताणली जाते, आवाज चढतो, आणि दोन पडद्यांमधली ती अदृश्य जागा कानाला सांपडते. सतारिये याला मींड म्हणतात. गिटारवाले 'बेंड' म्हणतात. सतारीचे पडदे उंच आणि वक्र असल्यामुळें तिच्यावर लांबलचक मींड निघते. गिटारीवर बहुधा एक, फार तर दीड स्वर चढतां येतें. पण तत्त्व एकच.

रेडिओवरून बोलतांना येथें एक आठवण अप्रस्तुत होणार नाहीं. ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं हार्मोनियमवर बंदी घातली होती आणि ती १९७१ पर्यंत टिकली. पेटीचे स्वर एकदां बांधले म्हणजे बांधले. त्यांच्यामधल्या श्रुति तिच्यांतून निघत नाहींत, मींड निघत नाहीं, असा तिच्यावरील मुख्य आक्षेप होता. बंदी योग्य होती कीं अयोग्य, या वादांत मी शिरत नाहीं. पेटीनें पुढें आपलें मोठेपण सिद्ध केलें आहे. मला सांगावयाचें तें इतकेंच कीं, दोन स्वरांमधल्या जागेसाठीं भांडणारा आपला समाज आहे. दरबारीच्या आंदोलित गंधारावर मान डोलावणाऱ्या घरांतील मुलाला ब्लूजचा गंधार परका वाटण्याचें कारण नाहीं. त्याचा कान अगोदरच अर्धी वाट चालून आलेला आहे. चालावयाचें राहिलें आहे तें त्याच्या बोटांना.

त्या बोटांसाठीं एक उपाय सांगतों. 'ए' हा षड्ज धरावा. बारीक तारेकडून तिसऱ्या, म्हणजे जी तारेवर सातव्या पडद्याला मध्यम मिळतो आणि नवव्या पडद्याला पंचम. प्रथम नववा पडदा दाबून पंचम वाजवावा व तो तोंडानें गुणगुणावा. मग सातव्या पडद्यावर अनामिका ठेवून, तिच्या मागें मधलें बोट व तर्जनी आधाराला देऊन, तार ओढावी आणि गुणगुणलेल्या पंचमाला नेमकी नेऊन भिडवावी. जोर बोटांचा लावूं नये. अंगठा दांडीच्या वर टेकवून, कुलपांत किल्ली फिरवावी तसें मनगट फिरवावें. हें बसलें म्हणजे त्याच तारेच्या पांचव्या पडद्यावरील कोमल गंधार घ्यावा आणि तो अगदीं थोडा, केसभर, चढवावा. पहिलें काम बळाचें आहे, दुसरें तोल सांभाळण्याचें. आणि दुसरें अधिक कठीण आहे. स्वर किती चढवावा हें कोणतेंहि पुस्तक सांगणार नाहीं. तें जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकूनच कळतें. आज मोबाईलवर हजारों धडे फुकट मिळतात, आणि गांवांत या शैलीचा जाणता शिक्षक नसला तर त्यांचा उपयोग जरूर करावा. पण धडा पाहणें आणि गाणें ऐकणें या निराळ्या गोष्टी आहेत. तासभर शिकावयाचें असेल तर अर्धा तास गिटार भिंतीला टेकवून नुसतें ऐकावें.

हातांत नसलेलें कौशल्य कानाच्या जोरावर कसें मिळवितां येतें, याचें उत्तम उदाहरण बी. बी. किंग यांचें आहे. १९२५ सालीं मिसिसिपींत जन्मलेला हा वादक २०१५ सालीं वारला. त्याचा नातलग बुका व्हाइट तारांवरून पोलादी नळी घसरवून गिटार वाजवीत असे, आणि तिचा थरथरता आवाज किंगच्या मनांत बसला होता. नळी त्याच्या हाताला साधेना. तेव्हां त्यानें दाबलेल्या तारेवर बोट झपाट्यानें हलवून तोच थरथराट काढण्याचा प्रयत्न केला. आणि त्यांतून जो कंप निघाला तो जगांतील असंख्य गिटारवाल्यांनीं पुढें गिरविला. त्याच्या एका स्वरावरून त्याला ओळखतां येत असे. हजार स्वर वाजवूनहि ओळख न पटणारे वादक पुष्कळ आहेत.

गिटारीच्या या विद्येबद्दल एक दंतकथा फार प्रसिद्ध आहे, आणि ती चौकाचीच आहे. रॉबर्ट जॉन्सन नांवाचा तरुण आरंभीं इतकें वाईट वाजवी कीं ऐकणारे कंटाळत, असें सन हाउस या ज्येष्ठ वादकानें सांगून ठेविलें आहे. मग तो कांहीं काळ दिसेनासा झाला, आणि परतला तेव्हां त्याचा हात ऐकून सारे थक्क झाले. लोक म्हणूं लागले कीं, मध्यरात्रीं चव्हाट्यावर जाऊन त्यानें सैतानाला आपला आत्मा विकला आणि बदल्यांत ही विद्या घेतली. तिठ्यावर लिंबू-भाताचा उतारा टाकणाऱ्या आणि तो ओलांडूं नये म्हणून मुलांना बजावणाऱ्या आपल्या लोकांना ही कथा चटकन् पटेल. चव्हाटा ही दोन जगांच्या सीमेवरची जागा आहे, ही समजूत दोन्हीकडे सारखीच. पण खरी हकीकत अशी कीं, तो आइक झिमरमन नांवाच्या एका वादकापाशीं राहून शिकत होता. रात्रीं ते दोघे दफनभूमींत बसून वाजवीत. कारण तेथें कोणाची झोपमोड होत नसे, असें झिमरमनच्या घरच्या मंडळींनीं सांगितलें आहे. १९३६ व १९३७ सालीं टेक्सासमध्यें जॉन्सननें एकोणतीस गाणीं मुद्रित केलीं आणि १९३८ सालीं सत्ताविसाव्या वर्षीं तो मरण पावला. सैतानाची गोष्ट ऐकावयास गोड आहे, पण ती शिकणाऱ्याचा घात करते. कारण ती सरावाचे श्रम झांकून टाकते. आणि ती त्या माणसावरहि अन्याय करते. कृष्णवर्णीय मजुराच्या पोराला गुरु, अभ्यास आणि बुद्धि असूं शकते, हें मान्य करण्यापेक्षां त्याला सैताननें शिकविलें असें म्हणणें जगाला सोपें गेलें. आमच्या क्रांती चौकांत उड्डाणपुलाखालून रात्रंदिवस गाड्या वाहतात. तेथें मध्यरात्रीं उभें राहून भोंग्यांखेरीज कांहींहि पदरीं पडणार नाहीं. घरीं दार लावून रोज अर्धा तास बसावें. शेजाऱ्यांची झोप सांभाळावी. वर्षभरानें हात आपोआप बोलूं लागतो.

हें संगीत महाराष्ट्रांत आलें तें प्रथम मुंबईच्या वाटेनें. १९३५ सालीं लिऑन ॲबी याचा कृष्णवर्णीय वादकांचा ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत वाजवूं लागला. त्याच्या मागून टेडी वेदरफोर्डसारखे वादक आले, आणि त्यांच्या सहवासांत गोमंतकीय वादकांची एक पिढी तयार झाली. तें मुख्यतः जाझ होतें. पण जाझच्या पोटांत ब्लूज असतोच. २०११ सालीं वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओंत महिंद्र ब्लूज महोत्सव सुरू झाला, आणि पहिल्याच वर्षीं शिकागोचा बडी गाय तेथें वाजवून गेला. मात्र ताजमहाल हॉटेल काय किंवा स्टुडिओ काय, हीं तिकिटांचीं आणि निमंत्रणांचीं ठिकाणें. ब्लूज जेथून आला त्या झोंपडीशीं आपलें नातें निराळ्या वाटेनें जुळतें; आणि ती वाट आपल्या माजघरांतून जाते.

पहांटे जात्यावर बसून आपल्या आज्या-पणज्यांनीं ज्या ओव्या म्हटल्या, त्यांचा विचार करा. श्रमाच्या लयीवर बांधलेलें गाणें. ओळ घोळवून पुन्हा म्हणण्याची रीत. एकीनें सुरू करावी आणि दुसरीनें उचलावी अशी पद्धत. आणि जें चारचौघांत बोलण्याची मुभा नाहीं तें जात्याच्या घरघरींत बोलून टाकण्याची सोय. गी पॉइतव्हाँ आणि हेमा राईरकर यांनीं अनेक वर्षें गांवोगांव हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून 'पारी' या संस्थेनें त्या आपल्या संकेतस्थळावर लोकांपुढें मांडल्या आहेत. त्यांत मराठवाड्यांतील बायांच्या ओव्या आहेत आणि बीड जिल्ह्यांतील माजलगांवच्या बायांनीं बाबासाहेब आंबेडकरांवर रचलेल्याहि आहेत. तिकडे १९४१ सालीं ॲलन लोमॅक्स हा संग्राहक सरकारी ग्रंथालयासाठीं मिसिसिपींत हिंडत असतां, एका मळ्यावरच्या ट्रॅक्टर हाकणाऱ्या मजुराचीं गाणीं त्यानें मुद्रित केलीं. आपलाच आवाज तबकडीवर ऐकून त्या मजुराला प्रथम स्वतःची किंमत कळली. दोन वर्षांनीं तो शिकागोला गेला, आणि मडी वॉटर्स या नांवानें जगप्रसिद्ध झाला. ओवी म्हणजे ब्लूज नव्हे, हें मी जाणतों. सासुरवाशिणीचें दुःख आणि गुलामाच्या नातवाचें दुःख एका मापानें मोजूं नये. पण ज्याला व्यासपीठ नाहीं तो आपलें गाऱ्हाणें गाण्यांत कसें बांधतो, ही रीत दोन्हीकडे ओळखीची आहे.

विचाराच्या वाटेनेंहि हें नातें जुनें आहे. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' लिहिली आणि ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सदाचारी लोकांना अर्पण केली. १९४६ सालीं बाबासाहेबांनीं कृष्णवर्णीयांचे पुढारी डु बॉइस यांना पत्र लिहून, अस्पृश्यांची आणि त्यांची स्थिति किती सारखी आहे, हें कळविलें. त्याच बाबासाहेबांनीं १९५० सालीं आमच्या शहरांत मिलिंद महाविद्यालय स्थापिलें. पुढें तेथील म. ना. वानखेडे आणि गंगाधर पानतावणे यांच्या वर्तुळांत दलित साहित्याचा विचार आकारास आला, तेव्हां अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा दाखला पुनःपुन्हा दिला जात होता. पानतावण्यांचें 'अस्मितादर्श' याच शहरांतून निघे. म्हणजे मिसिसिपीच्या लोकांचा विषय या शहरास परका नाहीं. त्यांचे शब्द आम्ही कधींच वाचले. त्यांची तार मात्र आतां हातांत घेत आहों.

म्हणूनच शिकणाऱ्यास माझें एक आग्रहाचें सांगणें आहे. तार त्यांची घ्यावी, सोंग घेऊं नये. ज्यानें कधीं कापूस वेंचला नाहीं, त्यानें कापूस वेंचणाऱ्याच्या घोगऱ्या आवाजाची नक्कल करून टाळ्या मिळविणें हें मला बरें वाटत नाहीं. आपल्या चौकाचेंच उदाहरण घ्या. १८५७ सालीं या शहरांतील घोडदळाच्या शिपायांनीं उठाव केला, आणि पकडलेल्यांस देहान्त शिक्षा झाल्या तो काळा चबुतरा या चौकालगतचाच. आज तेथें २०२२ सालीं उभारलेला शिवछत्रपतींचा भव्य अश्वारूढ पुतळा दिसतो. चबुतऱ्याची गोष्ट सांगितल्यावांचून कळत नाहीं. रिक्षावाल्याला 'क्रांती चौक' म्हणतांना आपण पत्ता सांगतों. इतिहास ठाऊक असला तर त्याच दोन शब्दांना वजन येतें. ब्लूजचें तसेंच आहे. गोष्ट ठाऊक नसतां तो बारा विभागांचा एक खेळ आहे. ठाऊक असतां प्रत्येक ओढलेल्या तारेला वजन येतें. त्या वजनासह ती विद्या शिकावी, ज्यांनीं ती घडविली त्यांचीं नांवें आदरानें घ्यावीं, आणि मग आपल्या भाषेंत, आपल्या माणसांचें कांहीं त्या बारा विभागांत बसतें का, तें पाहावें. मराठी ओळ तेथें सहज मावते. एक ओळ, तीच पुन्हा, आणि मग तिचें उत्तर, ही मांडणी आपल्या तोंडाला नवी नाहीं. उत्तर मात्र ज्याचें त्यानें शोधावयाचें आहे.

आणि वडील मंडळींनीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर असें. आपल्याकडे संगीताचा दुष्काळ मुळींच नाहीं. सुकाळ आहे, म्हणूनच पाहुण्याला पानावर बसवितां येतें. परक्याचा गंधार लावतां लावतां मुलाला धानी कळली, मींडेचें मोल कळलें, आणि आजीच्या ओवीकडे त्यानें एकदां कान देऊन पाहिलें, तर गिटारीचे पैसे वायां गेले असें कोणी म्हणूं नये. कोमल आणि शुद्ध या दोहोंमध्यें एक जागा असते. ती पडद्यावर ठोकलेली नसते. ती ज्याची त्याला ऐकून, ओढून, सांभाळून मिळवावी लागते. घरांत कोणी तशी खटपट करीत असेल, तर पहिले कांहीं महिने बेसूर ऐकण्याची तयारी आपण सर्वांनीं ठेवावी, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.